आडवी मुलगी

छावणीतल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात निशा रिमोटसाठी थांबली होती. पुढं देवगाव रंगारीचे रामकिसन आणि मालनबाई रिक्षातून टीव्हीच घेऊन आले होते.

"इंटरनेटवरचा व्हिडिओ लावला की माणसं आडवी फुगतात बघा," मालनबाई दुकानदाराला म्हणाली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. पोरासाठी सांगून आलेली मुलगी ह्यांनी ह्याच्यावर पाहिली अन् लई जाड हाय म्हणून नकार कळवला."

"दिसलं ते बोललो," रामकिसन म्हणाला.

"व्हय. तिच्यामागचं गोल घड्याळ अंड्यासारखं झालं होतं, ते नाय दिसलं."

"घड्याळाशी लग्न लावायचं होतं का?"

पुढचं ऐकायला मिळावं म्हणून निशानं रांगेतला आपला नंबर मागच्या बाईला देऊन टाकला.

दुकानदारानं रिमोटचं बटण दाबलं. "चित्र ताणलेल्या सेटिंगवर होतं. आता मूळ मापात दिसंल."

"एवढंच?"

"एवढंच."

रामकिसननं घसा खाकरला. "मग तिच्या बापाला फोन लावू का?"

"लावा की. रविवारीच लग्न झालं तिचं. व्हिडिओची लिंकबी आलीय, घरी गेल्यावर नीट मापात बघा."