बरं व्हायला किती शब्द

(नाशिक, सन १९३४. एका मिशन दवाखान्याची ओसरी, दुपार. वणीचा लाकूडकाप्या देवराम मुदतीच्या तापातून उठून खाटेवर बसला आहे. समोर त्याची बायको भागीबाई, गाठोडं मांडीवर धरून. वणीच्या मोटारीतून उतरल्यापासून तिच्या मनात काहीतरी खुपतं आहे.)

भागीबाई : काय म्हणलात? परत सांगा तो शब्द.

देवराम : कन्व्हलेसन्स.

भागीबाई : मागच्या खेपेला दुसराच व्हता.

देवराम : ती रिकव्हरी. ती झाली. ताप गेला म्हंजे रिकव्हरी. आता कन्व्हलेसन्स लागलंय.

भागीबाई : अगं बया! म्हंजे नवा आजार?

देवराम : आजार नाय गं. आजारातून उठल्यावर अंगात ताकद भरायचे दिवस. डाक्टर सांगत व्हते.

भागीबाई : त्याला आपल्यात उतार पडला म्हणतात. उतार पडला का माणूस घरी येतो, पेज पितो, दारात उन्हाला बसतो. दवाखान्यात खाट अडवून नाय बसत.

देवराम : घाई केली तर रिलॅप्स होतो.

भागीबाई : आता हा कोण?

देवराम : ताप उलटला का त्याला म्हणतात.

भागीबाई : बरं व्हायला ह्यांना एवढे शब्द कशाला लागतात? बाजारात खोडीची गाय विकणारा असाच बोलतो. दाताला हात लावू देत नाय, नि तोंडानं गुण गात राहतो. इकडं बघा. डोळे दाखवा.

देवराम : बघ.

भागीबाई : पिवळे नाय. भूक लागती?

देवराम : लागती.

भागीबाई : झोप?

देवराम : येती कधी कधी.

भागीबाई : मग खरं सांगा, छातीत काय निघालंय का? क्षयाचं नाव माझ्यापुढं काढत नसतील, म्हणून इंग्रजीत झाकून ठेवलं असंल.

देवराम : तसं काय नाय.

भागीबाई : मग बाटवायला ठेवलंय. शेजारची नवसाबाई म्हणतच व्हती, मिशनचं दूध प्यायलं का माणूस परत येत नाय.

देवराम : नवसाबाईला काय काम हाय दुसरं!

भागीबाई : ती बघा, तुमची नर्सबाई आली. आता तिलाच विचारते.

नर्स : आलात का बाई? बरं झालं. न्यायलाच आला असाल ना?

भागीबाई : तुम्ही सोडलं तर नेईन की. पण तुमचं ते कन्व... कन्वलेसन चाललंय म्हणं.

नर्स : ते घरीही चालतं. उलट घरी चांगलं चालतं. डॉक्टरसाहेबांनी गेल्या शुक्रवारीच सांगितलं यांना, आता घरी जायला हरकत नाही.

भागीबाई : शुक्रवारी?

नर्स : हो. यांनीच हातापाया पडून मुक्काम वाढवला. पाय लटपटतात म्हणाले. रात्री मात्र ओसरीवर येरझारा घालतात, मी पाहते ना. आणि रोज मला विचारायचं, बाई, माणूस बरा होतोय पण अजून झाला नाही, याला तुमच्यात काय म्हणतात? मी आपली एकेक सांगते. काल 'बाउन्स बॅक' सांगितला. चेंडू आपटला की उसळून वर येतो ना, तसा माणूस वर येतो. तो काही यांना आवडला नाही.

भागीबाई : का बरं?

नर्स : म्हणाले, हा फारच लवकर वर येतो. दुसरा सांगा. बरं, उद्या मला खाट रिकामी लागेल हो. मनमाडचा पेशंट यायचाय. तेवढं बघा.

भागीबाई : ऐकलंत? शुक्रवारपासून तुम्ही धडधाकट, नि मी तिकडं देवीला साकडं घालत बसले. कोणापायी राहिलात इथं?

देवराम : बुधा का आला नाय?

भागीबाई : बोलणं फिरवू नका.

देवराम : माझा भाऊ मला बघायला का आला नाय, भागे?

भागीबाई : सांगितलं ना मागंच. भावजी पेठच्या रानात गेलेत. सागाचे ओंडके पडलेत तिथं, ते कापायला.

देवराम : कोणासंगं?

भागीबाई : कोणासंगं म्हंजे?

देवराम : आपली करवत दोन माणसांची. एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, एकानं खाली. मिसरूड फुटल्यापासून वर मी नि खाली तो. मी इथं पडलेला. मग वर कोण उभा हाय?

भागीबाई : धरला असंल कोणी गडी.

देवराम : माझ्याकडं बघून सांग.

भागीबाई : (गाठोड्याची गाठ सोडत) धुतलेलं धोतर आणलंय तुमचं.

देवराम : मागच्या खेपेला बी तू भिंतीकडं बघून सांगितलंस. तेव्हाच मी ओळखलं.

भागीबाई : मग तेव्हाच विचारलं का नाय?

देवराम : तू तरी सांगितलं का नाय?

भागीबाई : डाक्टर म्हणले व्हते, जीवाला धक्का लागंल असं काय सांगू नका. लय अशक्त हायत.

देवराम : मी इथं हाय तवर माझ्या लेखी बुधा पेठच्या रानातच हाय. घरी आलो का, दारात त्याची करवत भिंतीला टेकलेली दिसंल. म्हणून नाय आलो. कोणी एक शब्द दिला का तेवढा एक दिवस निघायचा.

भागीबाई : नि मी काय काय मनात आणलं तुमच्याबद्दल.

देवराम : बुधाला बी हाच ताप?

भागीबाई : हाच. भावजी तुम्हांला इथं पोचवून आले नि दुसऱ्या दिवशी आडवे झाले. नाशकाला चला म्हणलं, तर ऐकंनात. म्हणले, दादाच्या शेजारी मला टाकलं तर तो हाय खाऊन मरंल. वैद्याचाच काढा घेत राहिले.

देवराम : नि त्याची बायको, फुला?

भागीबाई : तिचा बाप न्यायला आला व्हता. नाय गेली. दादा घरी येऊ द्या, मग बघू म्हणली.

देवराम : पोरगी एकटी हाय घरात?

भागीबाई : नवसाबाई हाय संगं.

देवराम : ते धोतर दे इकडं. सांजची मोटार गाठू.

भागीबाई : हळू उठा. माझा खांदा धरा.

देवराम : भागे, शेवटी त्याच्या तोंडात पाणी कोणी घातलं?

भागीबाई : फुलानं डोकं मांडीवर धरलं व्हतं. मी घातलं.

देवराम : प्यायला?

भागीबाई : आधी तोंड फिरवलं. मग मी म्हणलं, दादानं पाठवलंय. तेव्हा प्यायले.