दाढ आणि डॉलरचा भाव

मेक्सिकोच्या सीमेवरच्या अल्गोडोनेसला, जिथे अमेरिकेतून लोक स्वस्तात दात करून घ्यायला येतात, पैसे बदलायच्या खिडकीपाशी माझ्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. नवऱ्याचा गाल चांगलाच सुजलेला.

"चेलो, पलीकडच्या गल्लीत डॉलर स्वस्त आहे म्हणे."

"युसेबियो, सकाळी पाच दुकानं फिरून तू डॉलरचे पेसो केलेस."

"पण भाव कसला मिळाला!"

"आणि दाताच्या डॉक्टरने मागितले डॉलर. इथले सगळेच दातवाले डॉलर मागतात. किती वर्षं येतोयस तू इथे?"

"विसरलो गं."

"आता त्याच पेसोंचे परत डॉलर करायचे. म्हणजे दोन्हीकडून आपलाच खिसा रिकामा."

"म्हणून तर म्हणतो, पलीकडे जाऊ. तेवढंच नुकसान भरून निघेल."

"डॉक्टर तीनला दवाखाना बंद करतो."

"मग उद्या येऊ. उद्या डॉलर उतरतोय, बघ तू."

"रात्रभर कण्हत होतास, म्हाताऱ्या."

"झोपेत असेन."

"ती सुई काही फार मोठी नसते."

"सुईचं कोण बोलतंय? मी भावाचं बोलतोय."

"बरं, भावाचंच बोल. पण बोलताना माझा हात धर."

"लोक बघतायत."

"बघू देत."

"चला, पुढचे कोण? या आजोबा, किती बदलायचेत?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"सगळे."

"आजचा भाव सांगू?"

"नको बाई. सांगितलास, तर मला पलीकडच्या गल्लीत जावं लागेल."