फॉर्ममधला मुलांचा रकाना

आजच्या निवृत्ती सोहळ्याचे सन्माननीय अध्यक्ष काकासाहेब, व्यासपीठावरचे कंपनीचे वरिष्ठ अधिकारी, सत्कारमूर्ती श्रीधरराव, भानुमतीवहिनी, चिरंजीव वरद आणि जेवणाच्या वासानं अस्वस्थ झालेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी सोमनाथ, प्रेस शॉपचा कामगार. मला मशीन चालवता येतं, माईक नाही. तरी सांभाळून घ्या.

श्रीधरराव एकतीस वर्षं आपल्या पगार विभागात होते. जानेवारी उजाडला की कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे. समोर चहा, हातात लाल पेन. आपण लेकरांच्या शाळेच्या फीच्या पावत्या घेऊन रांगेत, कारण ती फी करातून वजा व्हायची. पावती बघता बघता विचारायचे, "गणितात किती पडले?" सांगा मंडळी, हे कर खात्याला कशाला लागतं?

आठ वर्षांपूर्वी माझा पगार कराच्या कक्षेत येऊन वर्ष झालं होतं. फॉर्ममध्ये मुलांची नावं लिहायची होती. मी लिहिली चार. सार्थक, सायली, प्रेरणा, आकाश. श्रीधररावांनी चष्मा वर केला.

"सोमनाथ, रेशनकार्डावर दोन आणि इथे चार?"

"साहेब, चारी आपलीच हायेत."

खोटं नव्हतं हो! प्रेरणा आणि आकाश माझ्या थोरल्या भावाची, सांडूदादाची. दादा पैठणकडं शेती बघतो, लेकरं शिकायला बजाजनगरात माझ्याकडं. माझी बायको तनुजा सकाळी चार डबे भरते. कुठला डबा पुतण्याचा, हे तिला विचारून बघा, लाटणं घेऊन मागं लागेल.

श्रीधरराव म्हणाले, "कायद्यात स्वतःचीच मुलं, तीही दोन." आणि लाल पेनानं दोन नावं खोडली. पहिलं खोडलं ते प्रेरणाचं.

माझं डोकंच फिरलं. तिची नववीची फी थकली होती. कर वाचला की त्यातून भरू, असं मी मनात धरलं होतं. नाहीतर परीक्षेआधीच तिला गावाकडं न्यायचं, असं दादा सांगून गेला होता. सगळ्या रांगेसमोर मी ओरडलो, "सरकारला सांगा, आमच्याकडं पोरं अशी मोजत नाहीत!"

दुसरा कुणी असता तर माझी तक्रार वर गेली असती. श्रीधररावांनी मला चहा पाजला. मग विचारलं, "सार्थक-सायलीच्या गेल्या वर्षीच्या पावत्या दिल्या होत्यास का?"

"नाय. पेटीत हायेत."

"पेटीत? अरे, पेटी काय कर भरते का?"

रविवारी हे स्वतः स्कूटरवर आमच्या घरी आले. पेटी उपसली, माझं गेल्या वर्षीचं विवरणपत्र भरलं. जास्तीचा कापलेला कर परत येईपर्यंत थांबा, असं शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विनवलं. खोटं एक अक्षर लिहू दिलं नाही आणि हक्काचा एक रुपया सोडू दिला नाही. पैसे आले, फी भरली. प्रेरणा गावाकडं गेली नाही. आज ती नर्स आहे, आणि ती बघा, तिसऱ्या रांगेत बसून रडतेय. पोरी, डोळे पूस, फोटो काढतायत.

आता कराची नवी पद्धत आली. आपल्यातल्या बहुतेकांना पावत्या लागत नाहीत. तरी यंदा जानेवारीत टेबलापुढं रांग होतीच! लोक गुणपत्रिका घेऊन आले होते. लई माया लावली साहेब तुम्ही.

जाता जाता एक काम राहिलंय. श्रीधरराव, तुमच्या फॉर्ममध्ये मुलांच्या रकान्यात आजवर एकच नाव होतं, वरद. आम्हाला ते बरोबर वाटलं नाही. म्हणून हा नवा फॉर्म. रकाना पुरला नाही, अकरा पानं जोडावी लागली. आपल्या लेकरांची दोनशे सदतीस नावं आहेत, प्रत्येकानं आपल्या हातानं लिहिलेली. पहिलं नाव प्रेरणाचं आहे. वरद, घाबरू नकोस, घरात वाटणी कुणी मागणार नाही.

हा फॉर्म सरकार नामंजूर करील, ठाऊक आहे. तुम्हीही खोडला असता. म्हणून तुमचं लाल पेन आम्ही सकाळीच टेबलावरून उचललंय.

अध्यक्षांचे, वहिनींचे आणि आपल्या सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि नावं मोजण्यात चूक झाली असेल, तर ती तशीच राहू द्या.