महाराज म्हणाले, घड्याळ काढा

हॅलो? … कोण? … आक्का? अगं, उद्या तुझं ऑपरेशन, आणि तू फोन घेऊन… गाडी? कसली गाडी? … बेळगावला? आत्ता? … अगं, दवाखान्यात ॲडमिट झालेल्या माणसाला न्यायला बोरगावातनं गाडी पाठवतात व्हय? बसस्टँड हाय का ते?

… हो, हो… ऐकतोय. … कोण म्हणालं? … शेजारच्या कॉटवरची बाई. काय म्हणाली? … हृदयात जनावराचा व्हॉल्व्ह बसवतात. … हं. खोटं न्हाय सांगितलं तिनं. तसलाही असतो. … अगं ऐक ना! असतो म्हणजे तुलाच बसवणार असं न्हाय. मला काय जनावराचा बसवलाय? डॉक्टरांनी विचारलं, मी म्हटलं, आम्ही जैन. ते म्हणाले, मग धातूचा घालू. संपला विषय. … तुलाही विचारलं? आणि तू काय म्हणालीस? … "बघू." शाब्बास.

… मग समजावून सांगितलं असंल की त्यांनी. … प्लॅस्टिकचं हृदय दाखवलं. बरं. तू काय बघितलंस? … त्याच्यावरची धूळ.

थांब, मी सांगतो. … मास्तरकी न्हाय गं, थोडक्यात. चार खोल्या. दोन उजवीकडं, दोन डावीकडं, मधे भिंत. अंगभर फिरून दमलेलं काळपट रक्त उजवीकडं येतं, ती बाजू ते फुप्फुसात ढकलते. तिथं हवा खाऊन, लालभडक होऊन ते डावीकडं उतरतं. आणि डावी बाजू ते पार पायाच्या अंगठ्यापर्यंत धाडते. … न्हाय, सरळ न्हाय जाता येत. भिंत म्हटलं न्हवं मी? फुप्फुसावरनं वळसा घालायचा. … व्हय, आपल्या सीमाभागासारखंच. फक्त हितं दोन्ही बाजू एकाच ठोक्याला कामाला लागतात. मोर्चा न्हाय, घोषणा न्हाईत. बंद तर अजिबातच परवडत न्हाय.

… व्हॉल्व्ह म्हणजे दार. एकाच बाजूला उघडणारं, पुढं गेलेलं रक्त मागं फिरू नये म्हणून. लहानपणी आपल्या दोघांना सांधे सुजून ताप आलता बघ, त्यानं खाल्लं ते दार. रक्त पुढं जातं आणि त्यातलं थोडं परत फुप्फुसाकडं येतं. म्हणून तुला देवदर्शनाला जाताना बस्तीच्या पायऱ्यांवर धाप लागते. … वय न्हाय ते! मी तुझ्यापेक्षा धाकटा, मला तुझ्याआधी लागली.

… आवाज? येतो की. टक-टक. … घरात न्हाय कळत, टीव्ही असतो. बस्तीत कळतो. … सांगितलं न्हवतं तुला? ऑपरेशननंतर पहिल्यांदा सामायिकाला बसलो. सगळे डोळे मिटून, माशी बसली तर कळावी अशी शांतता. महाराज म्हणाले, "कुणाचं घड्याळ वाजतंय? काढून बाहेर ठेवा." चौघं उठले, ठेवून आले. टक-टक चालूच. महाराजांनी माझ्याकडं बघितलं. मी हात जोडले. म्हटलं, महाराज, हे काढता येत न्हाय. … हस, हस. आजच हसून घे. उद्यानंतर काही दिवस छाती धरून हसावं लागतंय. … न्हाय, रागावले न्हाईत. आता सगळे मला मधोमध बसवतात. मन भरकटलं की तुझी टकटक धरतो म्हणतात. घरात त्रिशलाचंही तेच. बायको आधी म्हणायची, आवाजानं झोप येत न्हाय. आता मी परगावी गेलो की येत न्हाय.

… परत तेच! "श्रेयांसचं लग्न होऊ दे, मग बघू." … आक्का, पोराच्या लग्नात आईनं फोटोतनं अक्षता टाकायच्या का? … तुला एक सांगू? हृदय सगळ्या अंगाला रक्त वाढतं न्हवं, त्यातला पहिला फाटा कुठं फुटतो? … डोक्याकडं न्हाय. स्वतःकडं. … व्हय, आधी स्वतःला वाढून घेतं. … स्वार्थी कसं? ते उपाशी राहिलं तर पंगतीला वाढणार कोण? तू मात्र सगळी उठल्यावर तव्यातला उरलेला तुकडा.

… रक्त? मला चढवलं की. कुणाकुणाचं फिरतंय माझ्यात, एकालाही ओळखत न्हाय. म्हणून निपाणीच्या बाजारात दिसंल त्याला नमस्कार घालतो. त्यातला एखादा तरी बरोबर निघंल.

… आणि माझ्या वेळी बाहेर बाकड्यावर कोण बसलं होतं? दिवस मावळायच्या आत डबा आणायचीस, स्वतः न्हाय जेवायचीस, पण उठली न्हाईस. ते दार बदललं म्हणून आज तुझ्याशी भांडायला दम पुरतोय. उद्या त्या बाकड्यावर मी. पहाटेच निघतोय.

… अजून गाडीच? … बरं. जरा गप्प बस. फोन छातीला लावतोय.

…

ऐकू आलं? … काय म्हणालीस? लई जोरात पळतंय? … हं. … न्हाय, बिघडलं न्हाय. तू गाडी मागितलीस तेव्हापासनं पळतंय ते.

… हॅलो? आक्का? … हाईस न्हवं? … अगं, रडतीस कशाला! … काय? … सांगतीस डॉक्टरांना? काय सांगतीस, म्हणून दाखव. … "भावाला बसवलाय तसलाच द्या." … बास. लई झालं. बास.

… अजून जरा लावून ठेवू? … ठेवतो की. … त्रिशला, दुधाकडं तू बघ गं! मी कामात हाय!

…

… कोण आलं? सिस्टर? … "फोन साकु" म्हणतायत? बरोबर हाय त्यांचं, पुरे आता. झोप. … न्हाय, तू ठेव आधी. हितलं चालूच राहतंय.