आईचे डोहाळे

— हो गं, लिटियाचेच केस आहेत ते. पाकीट उघडून काय बघतेस? तुम्ही दवाखान्यातल्या पोरींनी सांगितलं, गरोदर बायकांचे केस कापून द्या, अंगात पारा किती गेलाय ते केसांत कळतं — दिले कापून. झालं तुझं काम. चहा घे. तिला उठवायचं नाही, सातवा लागलाय, आत्ताच डोळा लागलाय पोरीचा.

कलेजी? छे! सीलची कलेजी पोटुशीनं खायची नाही, हे मला तू सांगणार? अठरा वर्षं उत्तरेच्या बर्फातल्या या गावाचा रेडिओ माझ्या तोंडानं बोलतोय — कुणाचं कुत्रं सुटलं, कुणाकडे मांस उरलंय, या न्यायला — सगळं मीच. तुमच्या सूचनांचा कागदही मीच रेडिओवर वाचला. मासे खा, मांस खा, फक्त कलेजी — हां, ते वाचलं. वाचलं म्हणजे... अगं, त्याच दिवशी माझा साइला सील मारून घेऊन आला होता! सहा दिवस बर्फावर बसून! आमच्यात कलेजी आधी पोटुशीला जाते, आणि मी अख्ख्या गावाला ऐकवू, की माझ्या लेकानं विष आणलंय? विष टाकलं कुणी त्यात? दाखव मला इथे एक तरी धुरांडं! कोळसा जाळणार तुम्ही तिकडे, धुरातला पारा उडत येणार इकडे, आणि तोंडचा घास काढणार आमच्या? गाळलं मग. एकच वाक्य गाळलं. एलिसापीला मागाहून दवाखान्यात कळलं. काल दुकानात म्हणाली, "ऊलूटी, तू वाचलं असतंस तर मी खाल्ली नसती गं." तिलाही पाचवा आहे. मी म्हटलं, राहून गेलं. राहून कसलं जातंय!

आणि लिटिया — पोटची लेक, पण तिला मी आई म्हणते. हसू नकोस. माझी आई गेली त्याच वर्षी ही झाली, तिचंच नाव ठेवलं. नाव आलं म्हणजे माणूस आलं. आईला विमानानं दक्षिणेच्या दवाखान्यात नेली होती. शेवटी शेवटी सारखी कलेजी मागायची, आणि ते तिला उकडलेला बटाटा द्यायचे. बटाटा! मग आता हिला कलेजीचे डोहाळे लागले, तेव्हा कोण मागत होतं, सांग? मी नाही म्हणू? आईला? दुसऱ्यांदा? आठवड्यातून तीनदा दिली, कच्ची, माझ्या हातानं कापून. डोळे मिटून खायची. मला इतकं बरं वाटायचं गं —

काय? पांढरे? होतात काहींचे लवकर. माझ्या डोक्याकडे काय बघतेस... बरं. माझे आहेत. मी कलेजी तोंडातसुद्धा घालत नाही, सगळी तिलाच जाते, म्हणून म्हटलं माझ्या केसांत काही निघायचं नाही. तपासणीचा कागद चांगला येईल. कागद चांगला आला की बाळही...

बाळाच्या मेंदूत जातो ना हा पारा? खरं सांग. नको, सांगूच नकोस.

ही कात्री घे. जा आत, तूच उठव, तूच तिचे केस काप, तूच सांग. मी नाही येणार. आईसमोर खोटं बोलायला मला कधीच जमलं नाही — म्हणून चार महिने तिच्या नजरेला नजर दिली नाहीये मी. जा म्हटलं ना! आणि आत गेलीस की दार लावून घे.