पट्ट्याचा एक दात

मंडळी, ऐका. एक सोपा प्रश्न विचारतो. उत्तर मनातच द्या, आणि शेजारी बायको बसली असेल तर नक्कीच मनात द्या! घरात काही बिघडलं, की चूक आपण कुठे कुठे शोधतो? आणि कुठे शोधायची राहून जाते?

गारगोटीला त्र्यंबकराव सबनीस नावाचे गृहस्थ होते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. माणूस प्रेमळ, पण मोबाइलवर व्हिडिओ बघितला की आपल्याला सगळं येतं, अशी ठाम समजूत. त्यांनी मिक्सर दुरुस्त केला. तो आता एकाच वेगाने फिरतो. त्यांच्या पत्नी सुमतीकाकू काही बोलल्या नाहीत. बायका बोलत नाहीत तेव्हा जपावं, हे त्र्यंबकरावांना अजून कळायचं होतं.

लेक वृंदा पहिल्या बाळंतपणाला निपाणीहून माहेरी यायची होती. तिला आपल्याच जुन्या गाडीतून आणायची, हा बापाचा हट्ट. हसू नका, हट्ट गोड आहे. आता, इंजिनात एक दातेरी पट्टा असतो – टायमिंग बेल्ट. खालच्या चाकाबरोबर वरचं चाक नेमक्या वेळी फिरवायचं, एवढंच त्याचं काम. आपला पखवाज आणि टाळ एकमेकांना धरून चालतात ना, तसं. तो पट्टा झिजला होता, म्हणून त्र्यंबकरावांनी स्वतः बदलला. चाकांवरच्या खुणा जुळवल्या, नवा पट्टा चढवला, ताण दिला. व्हिडिओवाला सांगत होता, की आता इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. पण आतून जेवायची हाक आली. आमटी गरम होती. फेरे राहिले, झाकण लागलं!

सकाळी गाडी सुरू झाली – पण कशी? हीव भरल्यासारखी थरथरत. बाजारातला चढ तिला चढवेना, सायलेन्सरमधून फटाके निघायला लागले. त्र्यंबकरावांनी प्लग बदलले, फिल्टर झटकला, बॅटरीला नावं ठेवली. शेवटी त्यांना आठवलं, की मागे जावई गाडी घेऊन गेले होते आणि येताना पेट्रोल भरून आले होते. सापडला चोर! लगेच फोन लावला, आणि असलं कसलं पेट्रोल भरलंत, गाडीची वाट लावलीत, असं नको तेवढं बोलून घेतलं. जावई शैलेशराव शांतपणे "चुकलं, बाबा" म्हणाले.

दुपारी वृंदाचा आईला फोन आला. ती रडत होती. माझ्या नवऱ्याला असं बोलले, तर मी बाळंतपण इथेच करते, म्हणाली.

सुमतीकाकू अंगणात आल्या. त्र्यंबकराव तेव्हा टाकीतलं जुनं पेट्रोल काढून, नवं भरून, गाडी चालू करून बघत होते. गाडी थरथरतच होती.

"पेट्रोल तर बदललंत," काकू म्हणाल्या. "मग जावयांचं काय चुकलं?"

त्र्यंबकराव फडक्याने हात पुसू लागले.

"ते झाकण उघडून बघितलंत?"

"ते मी स्वतः लावलंय."

"म्हणूनच विचारते."

मुकाट्याने झाकण उघडलं. इंजिन हाताने फिरवलं. खालची खूण जागेवर, वरची एक दात पुढे! ताण देताना पट्टा सरकला होता. त्र्यंबकरावांचे कान तापले. पट्टा पुन्हा बसवला, ते दोन फेरे फिरवले, खुणा जुळल्या. गाडी अशी सुरू झाली, की कुंपणावरचं मांजरसुद्धा हललं नाही.

आणि मंडळी, खरी परीक्षा आता! पेट्रोल बदललं आणि गाडी सुधारली, असं सांगितलं असतं तर कोणाला कळणार होतं? अब्रू शाबूत, जावई गुन्हेगार. तो विचार त्यांच्या मनात आला, चांगला रेंगाळला. पण लेकीचं रडणं काही कानातून जाईना. त्यांनी फोन उचलला.

"शैलेशराव, पेट्रोल चांगलं होतं. पट्टा मी एक दात चुकीचा बसवला होता. तुम्हाला बोललो, ते माझं चुकलं."

 मग जावई म्हणाले, "या बाबा तिला न्यायला. मी नाक्यावर येऊन थांबतो. ढकलायची वेळ आली तर माणूस हवा."

त्र्यंबकराव हसले, आणि हसता हसता डोळे पुसले.

हातून चूक कोणाच्याही होते, मंडळी. देव त्याला रागावत नसावा. पण चूक आपली आणि मान खाली घालायची दुसऱ्याने, हे त्याला कसं रुचेल? आता घरी जाताना तुम्ही म्हणाल, बुवांचा रोख त्या अमक्यावर होता. नाही हो. तुमच्यावरच होता! टाळ घ्या, मनापासून नाव घ्या. आणि गजर संपला की चपला शोधायच्या आधी, तुम्हाला जो फोन करायचा आहे, तो करा.