दोन तारे, दोन खतं आणि मी

…आणि वरून मलेच म्हणते, "मशीन बिघडली तुमची!" आता यात माझा काय गुन्हा, तुम्हीच सांगा!

तुम्हाले सांगतो, कॉम्प्युटर सेंटरात माझी नोकरी काय, तं लोकायनं आपले आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवून आणायचे, मशीनच्या सांख्यिकीच्या प्रोग्रॅमात टाकायचे, आणि प्रोग्रॅम अडला का "श्रीधरभाऊ, पाहा ना जी" म्हणून माझ्या टेबलापुढं उभं राहायचं. प्रोग्रॅम अडला तं ठीक आहे हो, तो दुरुस्त होते. माणूस अडला तं काय करता?

झालं काय, यमुताई म्हणून एक बाई, पारशिवनीची सून, संत्र्यावर पीएचडी करून राहिली होती. आणि प्रयोग कुठं? सासऱ्याच्या बगिच्यात! अर्ध्या झाडांले तिच्या गाईडचं, म्हणजे कृष्णकांत सरांचं नवीन खत, आणि अर्ध्या झाडांले सासऱ्याचं, चंपतरावचं घरचं खत. त्या खतात चंपतराव काय काय कालवते ते त्यालेच माहीत, पण वास असा, का बगिच्यापुढून जाताना एसटीचा ड्रायव्हर गाडी जोरात हाणते! तं कोणत्या खतानं संत्री जास्त लागली, हे मशीननं सांगायचं. फरक खरा असला, तं छापलेल्या कागदावर त्या आकड्यापुढं तारा येते. नुसता योगायोग असला, तं काही येत नाही. इतकं सोपं!

पहिल्या खेपेले आले ना बाप्पा… चंपतरावच्या खतापुढं दोन तारे! म्हणजे फरक एकदम पक्का!

कृष्णकांत सर धावत आले. पुण्यात शिकलेला माणूस, रागावतेही शुद्ध. "अहो श्रीधर, हे शक्यच नाही! माझं खत दिल्लीच्या परिषदेत वाचलं गेलेलं आहे!" मी मनातल्या मनात म्हटलं, सर, खत वाचत नाहीत हो, टाकतात. पण बोललो नाही. नोकरी आहे.

आणि दुसऱ्या दिवशी चंपतराव! डोक्यावर टोपी, खांद्यावर टोपलंभर संत्री, चप्पल दाराबाहेर. आतल्या एसीनं कुडकुडून राहिले, पण मशीनपुढं हात जोडून उभे. "हेच काय जी ते? डोळे कुठं आहेत याचे?" मग पिशवीतून नारळ काढला. "इथंच फोडू काय?" मी आडवाच झालो! "नका जी, नका! पाणी उडन!" गावात तं त्यायनं आधीच पेढे वाटले होते.

आता खुशीत राहू द्यायचं ना? पण मले खोड! कागद सहज पुन्हा पाहिला, तं काय… चंपतरावच्या एकेका झाडाले ट्रकभर संत्री! मी उडालोच. संत्र्याचं झाड हो, कोळशाची खाण आहे काय उमरेडची? कार्डं काढून पाहतो, तं कार्डांले भोकं पाडणाऱ्या पंचिंगवालीनं त्या झाडांचे आकडे एक घर सरकवून मारले होते; वजनं सारी दहापट. दुरुस्त केले, पुन्हा चालवलं… आणि तारे गायब. इकडंही नाही, तिकडंही नाही. आता यात माझा काय गुन्हा, सांगा!

तिघांनाही बोलावलं. चंपतराव कागद उलटा करून मागून पाहे. "परवा तं होते! कुठं गेले?"

"चूक होती जी. काढली."

"काहून काढली? कोणाच्या सांगण्यावरून?" आणि नजर सरांवर!

सर म्हणतात, "निदान माझ्या खताला एक तरी तारा द्या हो. एक! लहानसा!"

मी मनात म्हटलं, भाजीत कोथिंबीर टाकायची आहे काय?

आणि यमुताई मधात. सरांची बाजू घ्यावी तं घरी तोंड कसं दाखवन? सासऱ्याची घ्यावी तं डिग्री गेली. चेहरा उतरला होता बिचारीचा. मले हळूच म्हणे, "श्रीधरभाऊ, हेच खरं आहे?"

"हो ताई. दोन्ही खतात काहीच फरक दिसत नाही."

तिनं पदर सावरला. म्हणे, "मग मी हेच लिहीन. मामाजी, तुमचं खत चांगलं आहे. सर, तुमचंही चांगलं आहे. पण सारखंच आहे."

ते दोघं पहिल्यांदा एकमेकांकडं पाहून राहिले… आणि मग दोघंही मिळून माझ्याकडं! "मशीन बिघडली तुमची!" एका सुरात! आणि खाली टपरीवर जाऊन चहा पिताना मले शिव्या, एक शुद्ध, एक आमच्या इकडची. आता यात माझा काय गुन्हा?

यमुताईले डिग्री भेटली बरं! बाहेरून आलेला परीक्षक म्हणे, जे निघालं तेच लिहिलं, असं पाहायले भेटत नाही. चंपतराव गावभर सांगत फिरते, "माझं खत साहेबाच्या बरोबरीचं!" आणि सर वर्गात सांगतात, "माझं खत शेतकऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाइतकंच परिणामकारक!" दोघंही जिंकले हो! मशीन तेवढी बिघडली.

परवा टेबलापुढं एक म्हातारा उभा. दादाजी, पारशिवनीचाच. "चंपतरावनं पाठवलं जी. म्हणे, तो माणूस नाराज करन, पण खोटं सांगणार नाही." खरं सांगतो, छाती फुगली माझी! म्हटलं, बोला, काय अडचण आहे?

"पोरीले दोन स्थळं आली. एक उमरेडचं, एक कळमन्याचं. मशीनमंधी टाकून पाहा ना, कोणतं बरं निघते?"

समजावलं हो मी! जीव तोडून समजावलं, का मशीन असं सांगत नाही, पोरं म्हणजे संत्री नाहीत! म्हातारा हलेच ना. शेवटी घाम पुसला, खुर्ची पुढं केली अन् म्हटलं,

"बसा… पोरांची उंची किती आहे?"